‘निःसंशयपणे ओळखले’: ओळख परेडीबद्दल पोलीस महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : ओळख परेडीचे संपूर्ण चित्रीकरण करणे आणि साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे नोंदवणे याबाबत

महोदय,

मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीत कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने तीसेक ओळख परेडी घेतल्या, म्हणजे संशयिताला इतर माणसांच्या रांगेत उभे करून साक्षीदाराला ओळखायला सांगितले. कधी तहसील कचेरीच्या मागच्या हॉलमध्ये, बहुतेकदा कारागृहात. ज्या ज्या परेडीत साक्षीदाराने कोणाला ओळखले, तिच्या पंचनाम्यात माझ्या अक्षरात एक वाक्य सापडेल : ‘साक्षीदाराने रांगेतील डावीकडून सहाव्या इसमास हात लावून निःसंशयपणे ओळखले.’ आकडा बदलायचा, बाकी वाक्य तेच. ते मला कोणी शिकवले नव्हते. पहिल्या परेडीच्या वेळी आमच्या अव्वल कारकुनाने जुन्या पंचनाम्याची कार्बन प्रत पुढे ठेवली, मी त्यावरून लिहिले आणि पुढे वीस वर्षे तसेच लिहीत राहिलो. हे पत्र त्या ‘निःसंशयपणे’ या शब्दाबद्दल आहे.

एका वस्तीवर दरोडा पडला होता. घरातल्या म्हाताऱ्या बाईंच्या कानातली फुले ओरबाडून नेली होती, त्यांच्या मुलाला कुऱ्हाडीच्या तुंब्याने मारले होते. परेड झाली ती घटनेनंतर सात आठवड्यांनी, कारण तारीख मागणारे पोलिसांचे पत्र माझ्याच टेबलावर पडून होते आणि मी गारपिटीच्या पंचनाम्यांत होतो. रांगेत सात जण उभे होते, एक संशयित आणि सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसे. आजी आत आल्या. रांगेपुढून एकदा गेल्या, परत आल्या, तिसऱ्यापाशी थांबल्या, मग सहाव्यापाशी थांबल्या. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘सायेब, ह्यांच्यात हाय न्हवं त्यो?’’

मी म्हणालो, ‘‘नीट बघा आजी. घाई नाही.’’

तेव्हा मला माझे उत्तर अगदी तटस्थ वाटले होते. आज कळते की मी त्यांना ‘हो’ म्हणालो. तो माणूस रांगेत नसता तर साहेबाने ‘नीट बघा’ कशाला म्हटले असते? आजींनी पुन्हा एकदा तिसऱ्याकडे पाहिले, सहाव्याच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, ‘‘ह्योच असंल.’’ मी लिहिले, निःसंशयपणे ओळखले. ‘ह्योच असंल’ हे शब्द पंचनाम्यात नाहीत. तिसऱ्यापाशी थांबणे नाही. मला विचारलेला प्रश्न नाही, त्याला मी दिलेले उत्तर तर नाहीच. पंचांनी सह्या केल्या. आजी बाहेर पडल्या तेव्हा व्हरांड्यातला एक शिपाई कौतुकाने म्हणाला, ‘‘आजी, बराबर वळखलं बगा!’’

न्यायालयात मला साक्षीला बोलावले ते तीन वर्षांनी. आजींची साक्ष माझ्या आधी झाली होती. त्यांनी पिंजऱ्यातल्या माणसाकडे बोट दाखवून ‘मरेपर्यंत हा चेहरा विसरायची नाही’ असे ठणकावून सांगितल्याचे सरकारी वकिलांनी मला समाधानाने सांगितले. आजी खोटे बोलत नव्हत्या. तोवर त्यांना खरोखरच तसे वाटू लागले होते. आरोपीला शिक्षा झाली. तो खरा दरोडेखोर होता का? असेलही. मला ठाऊक नाही, आणि माझ्या पंचनाम्यामुळे ते कोणालाच कळण्याचा मार्ग उरला नाही. ‘ह्योच असंल’ हे दोन शब्द न्यायाधीशांपुढे गेले असते, तर त्यांनी निदान दुसरा काही पुरावा आहे का हे अधिक बारकाईने पाहिले असते.

कायद्याच्या दृष्टीने परेड हा स्वतंत्र पुरावा नाही, हे आपणास सांगायला नको. साक्षीदार न्यायालयात आरोपीला ओळखतो तो खरा पुरावा, परेडीने त्याला बळकटी यायची, असे सर्वोच्च न्यायालय वर्षानुवर्षे सांगत आले आहे. पण न्यायालयात पिंजऱ्यात कोण उभा आहे हे लहान मुलालाही दिसते. तिथल्या ओळखीला वजन येते ते परेडीमुळेच. म्हणून परेड पोलिसांच्या हाती ठेवलेली नाही. मुंबईतल्या लॉइड्स बँकेवर १९५१ मध्ये पडलेल्या दरोड्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पोलिसांसमोर केलेली ओळख म्हणजे पोलिसांना दिलेला जबाबच, तो पुराव्यात चालणार नाही. तेव्हापासून पोलीस दाराबाहेर आणि आमच्यासारखे आत. व्यवस्था चांगली आहे. पण साक्षीदार दारातून आत येण्याआधी त्याने कोणाचे फोटो पाहिले, त्याला काय सांगितले गेले, हे सगळे दाराबाहेरच घडून गेलेले असते आणि पंचनाम्यात त्याचा मागमूस नसतो.

हे न नोंदवल्याची किंमत किती, ते नाशिकच्या एका खटल्याने दाखवून दिले आहे. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या एका पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, आई आणि तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. मुलगी गेली, आई आणि तिचा एक मुलगा वाचले. दोनच दिवसांनी, ७ जूनला, पोलिसांनी आईला गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला. तिने त्यातले चार जण ओळखले. पुढे मात्र अटक झाली ती वेगळ्याच सहा जणांना, भटक्या जमातीतल्या गरीब मजुरांना. त्या चौघांपैकी एकही त्या सहांत नव्हता. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. या प्रत्येक टप्प्यावर शिक्षा उभी होती ती वाचलेल्या दोघांच्या ओळखीवर. आणि त्या आईने पहिल्यांदा ओळखले होते ते दुसऱ्यांनाच, हा कागद तपासाच्या दप्तरातच राहिला होता.

५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. शहा यांच्या पीठाने तो कागद वाचला आणि सहाही जणांना निर्दोष सोडले. तोवर त्यांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती, त्यातली बहुतेक फाशीच्या छायेत. त्यांच्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फार उशिरा सिद्ध झाले होते. प्रत्येकाला पाच लाख रुपये नुकसानभरपाई मिळाली. सोळा वर्षांवर वाटले तर महिन्याला सुमारे २६०० रुपये होतात. या तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना शोधून त्यांच्यावर कारवाई करा, असेही न्यायालयाने गृह खात्याला सांगितले.

हा खटला लोक पोलिसांच्या क्रूरतेचे उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या माउलीची आठवण दोन दिवसांची, ताजी होती. तिने पहिल्या खेपेला जे सांगितले, त्याला न्यायालयात सगळ्यात जास्त मोल असायला हवे होते. तेच नेमके वगळले गेले आणि नंतरची ओळख पुढे आली. खुनाचा चाकू मिळाला की आपण काय करतो? पंचांसमक्ष कागदात गुंडाळतो, लाखेचे सील लावतो, लेबलवर सह्या घेतो, आणि कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत सील शाबूत आहे का ते आधी पाहिले जाते. साक्षीदाराची आठवण हाही मुद्देमालच आहे. फरक एवढाच की तिला सील लागत नाही. जबाब घेणारा हवालदार, फोटो दाखवणारा फौजदार, परेड घेणारा माझ्यासारखा माणूस, ‘बराबर वळखलं’ म्हणणारा शिपाई, शेजारीपाजारी, टीव्हीवाले, सगळे तिला हाताळतात, आणि न्यायालयात पोचते ती या सगळ्यांच्या हाताचे ठसे उमटलेली आठवण.

निवृत्तीनंतर मी या विषयावर जमेल तसे वाचत गेलो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या बर्लिंग्टन गावी १९८४ मध्ये एका कॉलेजच्या विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. ती हुशार होती. अत्याचार होत असतानाच तिने निश्चय केला होता की याचा चेहरा पाठ करून ठेवायचा. पोलिसांनी फोटो दाखवले तेव्हा तिने बराच वेळ घेतला आणि ‘मला वाटते हा आहे’ अशा अर्थाचे काही सांगितले. मग प्रत्यक्ष रांग उभी केली. फोटोंत आणि रांगेत असे दोन्हीकडे असलेला माणूस एकच होता. तिने त्याला निवडले, आणि पोलिसांनी तिला सांगितले की फोटोतही तू यालाच निवडले होतेस. खटल्यात तिला तिळमात्र शंका उरली नव्हती. पुढे खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणून उभा केला, तर तिने त्याला कधी पाहिलेच नाही म्हणून सांगितले. तिने निवडलेला माणूस साडेदहा वर्षे तुरुंगात राहिला, १९९५ मध्ये डीएनए चाचणीने सुटला. नंतर त्या दोघांनी मिळून गावोगावी जाऊन ही गोष्ट सांगितली. त्या बाईंबद्दल मला अपार आदर वाटतो.

तिकडच्या एका प्रयोगाने तर माझी झोप उडाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात लोकांना चित्रफीत दाखवून मग फोटोंतून माणूस ओळखायला सांगितले. खरा माणूस त्या फोटोंत नव्हताच, म्हणजे ज्याने निवडले त्याने चुकीचेच निवडले. त्यातल्या काहींना ‘छान, तुम्ही बरोबर संशयिताला ओळखलेत’ एवढेच सांगितले. ते ऐकलेल्यांचा आत्मविश्वास वाढला, इतकेच नव्हे, आपण चेहरा अधिक स्पष्ट, अधिक नीट पाहिला होता असेही ते सांगू लागले. एका वाक्याने त्यांची आठवणच बदलली. आमच्या व्हरांड्यातल्या शिपायाने कौतुकाने उच्चारलेले ते चार शब्द मला आठवले. तो शिपाई भला माणूस होता. त्याने आजींना पाणी आणून दिले होते.

आपली न्यायालये खोटे बोलणाऱ्याला पकडण्यात पटाईत आहेत. उलटतपासणीत वकील साक्षीदाराला लबाड ठरवू पाहतो, साक्षीदार डगमगत नाही, न्यायाधीश त्याचा चेहरा पाहतात आणि त्यांना तो सच्चा वाटतो. तो सच्चा असतोच. खोटे बोलणे वेगळे आणि चुकणे वेगळे, आणि मनापासून चुकणारा माणूस उलटतपासणीत मोडत नाही. त्याची चूक पकडायची तर त्याचे पहिले शब्द हवेत, आणि तेच आम्ही लिहीत नाही.

उशिराबद्दलही बोलले पाहिजे, कारण त्यात आमचे खाते वाटेकरी आहे. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही आरोपींना निर्दोष ठरवले. कारणे अनेक होती. त्यातली दोन आरोपींची ओळख पटवण्याबाबतची : काही साक्षीदार शंभरहून अधिक दिवस गप्प होते आणि मग त्यांना चेहरे आठवले, आणि परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. हे प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे त्या न्यायालयाने सांगितले आहे, म्हणून आरोपींच्या दोषाबद्दल मी काही बोलत नाही. पण इतक्या मोठ्या तपासात परेड घेणाऱ्याच्या नेमणुकीचा साधा कागद वादात पडावा? ज्यांची माणसे त्या डब्यांत गेली त्यांना एकोणीस वर्षांनी हे ऐकावे लागले. परेड ढिसाळ झाली की निरपराध अडकतो, तसाच खरा गुन्हेगारही सुटतो.

रांगेतल्या डमींबद्दल थोडे सांगतो, कारण ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये नियम आहेत आणि ते चांगले आहेत : एका संशयिताबरोबर निदान सहा डमी, वयाने, अंगकाठीने, दिसण्याने मिळतेजुळते, संशयिताला उभे राहायची जागा निवडू द्यायची, कपडे बदलू द्यायचे. कागदावर आम्ही ते सगळे पाळले. प्रत्यक्षात कचेरीत परेड असेल तर पंच आणि डमी एसटी स्टँडवरून, चहाच्या टपरीवरून धरून आणायचे. ते आले की भांग पाडलेला, पायात चपला. आणि मधे एक जण आठवडाभर कोठडीत राहिलेला, दाढीचे खुंट वाढलेले, डोळे सुजलेले, अनवाणी. कंबरेचा पट्टा काढून घेतलेला, म्हणून एका हाताने पँट धरून उभा. साक्षीदाराला चेहरा आठवण्याची गरजच काय? एकदा एका संशयिताच्या भुवईवर जुना व्रण होता. तेव्हा मी सगळ्यांच्या भुवईवर चिकटपट्टी लावायला लावली. माझ्या सगळ्या परेडींत मला अभिमान वाटावा अशी ती एकच गोष्ट.

आता तर परेडीच्या आधीच फोटो मोबाइलवर फिरतो. ‘टोळी जेरबंद’ म्हणून पथक आणि आरोपी यांचा एकत्र फोटो पोलीस ठाण्याच्या ग्रुपवरून पत्रकारांच्या ग्रुपवर आणि तिथून फिर्यादीच्या पुतण्याच्या फोनवर जायला किती वेळ लागतो? साक्षीदारांना आरोपींचे फोटो आधीच दाखवले गेले होते या कारणाने केरळातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये परेड निरुपयोगी ठरवून आरोपींना सोडले. परेड व्हायची असेल त्या गुन्ह्यातल्या आरोपींचे उघड्या चेहऱ्याचे फोटो काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्याला आपण जाब विचारावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १०५ नुसार घरझडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे झाले. आपले अंमलदार आता मोबाइलवर ते करतात, त्यासाठी ई-साक्ष्य अॅप आहे. ओळख परेडीचे मात्र कलम ५४ मध्ये चित्रीकरण सक्तीचे आहे ते साक्षीदार मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अपंग असेल तेव्हाच. पत्र्याच्या पेटीतून काढलेल्या मंगळसूत्राचे चित्रीकरण होते आणि ज्या दहा मिनिटांवर एखाद्याचा जन्म तुरुंगात जाणार, त्यांचे होत नाही. कायद्याने सक्ती केलेली नसली तरी मनाईही केलेली नाही. आपल्या एका परिपत्रकाने राज्यातल्या प्रत्येक परेडीचे, साक्षीदार दारातून आत येतो तिथपासून तो बाहेर पडतो तिथपर्यंत, आवाजासह चित्रीकरण सुरू होऊ शकते. बाहेरच्या व्हरांड्याचेही व्हावे.

त्याच परिपत्रकात दुसरी गोष्ट हवी आणि माझ्या मते ती पहिलीहूनही महत्त्वाची आहे. साक्षीदाराला दाखवलेला प्रत्येक फोटो, त्याने ओळखलेला प्रत्येक चेहरा आणि त्याने ‘नाही, यांत नाही’ म्हणून दिलेला प्रत्येक नकार कागदावर यावा, दोषारोपपत्राबरोबर न्यायालयात जावा आणि त्याची प्रत आरोपीला मिळावी. तपासाला सोयीचे असो वा नसो. नाशिकची ती आई जे म्हणाली ते २००३ मध्येच न्यायालयापुढे आले असते, तर सहा माणसांची सोळा वर्षे वाचली असती आणि त्या चौघांकडे निदान कोणी चौकशीला तरी गेले असते.

परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊक नसावे, हेही मी मागतो. आज ते ठाऊक असते, कारण पोलिसांच्या पत्रात नाव असते आणि जागा निवडायला आम्हीच त्याला सांगतो. रांग एकाने लावावी आणि साक्षीदाराबरोबर आत दुसऱ्याने जावे. यासाठी दोन अधिकारी लागतील. महसूल खात्यात माणसे कमी आहेत, निवडणुका असतात, हे मी भोगले आहे, तरीही मागतो. मला संशयित कोण हे माहीत नसते, तर आजींच्या प्रश्नाला माझ्याकडे खरेच उत्तर नसते, आणि माझ्या चेहऱ्यावरही ते उमटले नसते.

आपले अधिकारी म्हणतील, एवढ्या अटी लावल्या तर साक्षीदार बिचकतील, गुन्हे शाबीत होणार नाहीत. मी अशा पुष्कळ अधिकाऱ्यांबरोबर काम केले आहे. रात्र रात्र जागून दरोडेखोरांच्या मागे फिरणारे लोक आहेत ते, त्यांची तळमळ मी जाणतो. पण ज्या ओळखीची चित्रफीत आहे, जिच्यात साक्षीदार कोणाच्याही इशाऱ्याशिवाय दहा सेकंदांत ‘हाच तो’ म्हणताना दिसतो, ती ओळख बचावाचा कोणता वकील मोडू शकेल? आणि जिथे साक्षीदार घुटमळतो, तिथे तपास थांबवायचा नसतो. बोटांचे ठसे, मोबाइलचे लोकेशन, चोरीचा माल कोणत्या सोनाराकडे गेला, हे शोधायचे असते. ‘निःसंशयपणे’ लिहिले की ते शोधायची गरज कोणालाच वाटत नाही. त्या दरोड्यात आजींची फुले कधीच सापडली नाहीत.

परिपत्रक काढताना परेडीआधी साक्षीदाराला वाचून दाखवायचा मजकूरही ठरवून द्यावा. मी एक लिहून पाहिला आहे. तो छापील मराठीत नको, ज्या भागात परेड असेल तिथल्या बोलीत सांगावा :

‘‘आजी, आत काही माणसे उभी आहेत. तुम्ही त्या रात्री पाहिलेला माणूस त्यांच्यात असेल, नसेलही. तो कोण, आहे की नाही, हे मलाही माहीत नाही. कोणालाच ओळखले नाही तरी तुमचे काही चुकणार नाही आणि तपास चालूच राहील. कोणी ओळखीचा वाटला तर सांगा, आणि किती खात्री वाटते ते तुमच्या शब्दांत सांगा. तुम्ही जे म्हणाल ते मी तसेच्या तसे लिहीन. बाहेर गेल्यावर कोणी तुम्हाला बरोबर की चूक ते सांगणार नाही. कोणी सांगू लागले, तर मला येऊन सांगा.’’

आपला,
एक निवृत्त नायब तहसीलदार